सही घेतली की झालं?

मुलांना परदेशी अभ्यासदौऱ्यावर न्यायचं ठरलं की कॉलेजं सगळ्यात आधी काय करतात? पालकांची हमीपत्रावर सही घेतात. 'काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' झाली सुरक्षा! मग व्हिसा-तिकिटं-हॉटेल टूर कंपनीच्या गळ्यात घालायचं, एखाद्या प्राध्यापकांना सोबत धाडायचं आणि विमानतळावर बॅनर धरून फोटो काढायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. हमीपत्र वाचवतं (वाचवलंच तर!) संस्थेला. मुलांना वाचवतो तो सोबत गेलेला माणूस. आणि नेमकं त्या माणसाला तयार करण्यावर बहुतेक ठिकाणी एक दिवससुद्धा खर्च होत नाही. सर थर्मोडायनॅमिक्स उत्तम शिकवतात, म्हणून रात्री दोन वाजता बँकॉकच्या इस्पितळातही तितकेच उत्तम वागतील, असं आपण गृहीत धरतो. का बरं?

आता हे आपल्याकडचंच रडगाणं आहे असं समजू नका. हा प्रकार ज्या अमेरिकेत सगळ्यात जास्त रुजला, तिथून २०१८-१९ या एका वर्षात सुमारे ३ लाख ४७ हजार विद्यार्थी बाहेर शिकायला गेले, त्यातले निम्म्याहून जास्त आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळासाठी. अशा छोट्या दौऱ्यांवर बरेचदा त्यांचेच प्राध्यापक सोबत असतात. तिथले धडे मात्र फार महागात मिळालेले आहेत.

मार्च १९९६. जहाजावरून जगभर फिरत शिकवणाऱ्या 'सेमिस्टर अ‍ॅट सी'चे विद्यार्थी भारतात आले होते. दिल्लीहून आग्र्याकडे रात्री निघालेली त्यांची बस उलटली आणि चार अमेरिकन विद्यार्थी गेले. आपल्याकडे हायवेवर रात्रीचा प्रवास कसा असतो ते तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. पण वेळापत्रक आखणाऱ्याला ते ठाऊक असायला नको का?

दुसरं उदाहरण २००७ चं. कनेटिकटमधल्या हॉचकिस स्कूलचा गट चीनमध्ये तियानजिनजवळच्या डोंगरावर गेला. सोबत शिक्षक होते. काही मुलं पायवाटेने, झाडीतून एकटीच उतरली. त्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला गोचीड चावल्याने मेंदूज्वर झाला आणि तिची वाचा कायमची गेली. ज्यूरीने २०१३ मध्ये शाळेला चार कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. परदेश दौरा काढताना अशा आजारांबद्दल सावध करणं किंवा त्यापासून जपणं हे शाळेचं कर्तव्यच आहे, असं २०१७ मध्ये कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे 'आम्हाला काय स्वप्न पडलं होतं?' हा बचाव चालला नाही.

आपल्याकडे हे सगळं देशातल्या देशातच होतं. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी कॉलेजचे २४ विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले. नदीपात्रात फोटो काढत होते. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे २० लाखांची भरपाई ठरवली आणि वीज मंडळाबरोबर कॉलेजलाही जबाबदार धरलं. त्यानंतर महिनाही लोटला नाही, तोच १ फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजातली १४ मुलं बुडाली. धरणाच्या खाली पात्र कितीही कोरडं दिसलं तरी उतरायचं नाही, ओहोटीच्या वेळी आत जायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. सोबत गेलेल्यांनी ते आधी विचारून घ्यावं, अशी पद्धतच आपल्याकडे नाही. देशात ही तऱ्हा, आणि आता हीच कॉलेजं बॅचेस घेऊन सिंगापूर, दुबई, जर्मनीला निघालीत.

आपण सॉफ्टवेअरवाले एक साधा नियम पाळतो. नवीन माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी ऑन-कॉलचा फोन देत नाही. आधी तो जुन्या माणसासोबत बसतो, रनबुक वाचतो, काय बिघडलं की कुणाला उठवायचं ते शिकतो. एका सर्व्हरसाठी एवढं! आणि चाळीस पोरांसाठी? 'सर, जरा लक्ष ठेवा.'

मग तयारी म्हणजे काय? माझ्या मते किमान एवढं तरी:

१. दोन माणसं पाठवा. एक जण इस्पितळात गेला तर बाकीच्या एकोणचाळीस जणांकडे कोण बघणार? एकटा प्राध्यापक म्हणजे आमच्या भाषेत 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'.

२. जायच्या आधी एक दिवस रंगीत तालीम घ्या. एकाचा पासपोर्ट हरवला, एकीला पॅनिक अ‍ॅटॅक आला, एक जण रात्री परतलाच नाही. आता बोला, पहिला फोन कुणाला? युरोपात ११२ लावायचा, सिंगापुरात अ‍ॅम्ब्युलन्सला ९९५, जपानमध्ये ११९. हे तिथे जाऊन गूगल करायचं नसतं.

३. त्या देशाचे कायदे शिका. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या अनारशांवरची खसखस दुबईत बंदी असलेला पदार्थ आहे. सर्दीच्या काही साध्या गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत. आणि जर्मनीत रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. हसू नका, परदेशात प्रवाशांचे जीव बॉम्बपेक्षा रस्त्यावर आणि पाण्यात जास्त जातात.

४. छेडछाडीची तक्रार कुणाकडे करायची, हे निघण्याआधी प्रत्येक मुलीला आणि मुलाला माहीत हवं. तक्रार सोबतच्या सरांबद्दलच असेल तर? तो नंबर कॉलेजात बसलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी हवा.

५. सगळ्यात महत्त्वाचं, प्राध्यापकांना 'नाही' म्हणायचा अधिकार द्या. पाऊस आहे, आज बोट रद्द. ड्रायव्हर पेंगतोय, बस थांबवा. पैसे बुडाले तरी चालतील, परतल्यावर कुणी जाब विचारणार नाही, हे लेखी द्या. दर अमुक मुलांमागे एक तिकीट फुकट, असल्या हिशोबात गेलेला माणूस टूर कंपनीसमोर ताठ उभा राहणार कसा? त्यांचं तिकीट कॉलेजने काढावं आणि तयारीच्या दिवसांचा मोबदलाही द्यावा.

आता यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, 'मुलं अठरा वर्षांची आहेत, सज्ञान आहेत, कडेवर घेऊन फिरायचं का?' नाही. पण बस कुठली, हॉटेल कुठलं, निघायचं किती वाजता, हे त्या सज्ञान मुलांना विचारलं होतं का? निर्णय तुमचा आणि धोका त्यांचा, हा कुठला न्याय?

दुसरं, 'एवढी कटकट असेल तर दौरेच नकोत.' हे तर आपलं राष्ट्रीय औषध. अपघात झाला की बंदी घाला, तीन वर्षांनी विसरा, पुन्हा तशीच बस भरा. बंदीने कुणी काही शिकत नाही. जिच्या घरात कुणाकडे कधी पासपोर्टच नव्हता, अशा सांगली-जळगावच्या मुलीसाठी हे दोन आठवडे आयुष्य बदलणारे असू शकतात. तिचा दौरा रद्द करू नका, तिच्यासोबत तयारीचा माणूस पाठवा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली विद्यार्थ्यांच्या कॅम्पसमधल्या आणि कॅम्पसबाहेरच्या सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद आपल्याकडे कमी नाहीतच. तुमच्या धाकट्या भावंडाच्या कॉलेजातून उद्या हमीपत्र आलं, तर सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारा. 'सोबत कोण येतंय, आणि त्यांना तुम्ही काय शिकवून पाठवताय?' उत्तर आलं नाही, तर सही करायची घाई नको. तिकिटं काय, पुढच्या वर्षीही मिळतात.