चढणीच्या शिंगटीला वाट द्या

राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वादळी समुद्रापासून माणसं वाचावीत आणि माशांना विणीसाठी उसंत मिळावी, ही त्यामागची दोन कारणं. यातलं दुसरं कारण खाडीच्या मुखाशी येऊन थांबतं, हे मला पटत नाही. खाडीतली शिंगटी, म्हणजे मिस्टस गुलिओ, निमखाऱ्या पाण्यात वाढते, गोड्यातही राहते आणि तिची वीण पावसाळ्यातच होते. नेमक्या त्याच दिवसांत ओढ्यांच्या तोंडाशी आणि खारबंधाऱ्यांच्या उघाडीपाशी चढणीच्या, म्हणजे पावसाच्या पाण्यात ओढ्यातून वर चढणाऱ्या, माशांसाठी जाळी लागतात. अशा वेळी सापडलेल्या मादीचं पोट टम्म असतं, पातळ कातडीखाली गाबोळी हाताला लागते. पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन असे तीन काटे तिला बगळ्यापासून वाचवतात, पण जाळ्याच्या आसात तेच ताठ काटे अडकून बसतात.

शिंगटी दुर्मीळ नाही, असं यावर सांगितलं जाईल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीतही ती धोक्याबाहेर आहे. खरं आहे, पण ती यादी दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या सगळ्या शिंगटीचा एकत्र विचार करते. एखाद्या खाडीतली मासळी आटली तर यादीत काही हलत नाही, काठावरच्या चुलीला मात्र ते कळतं. बीज तर हॅचरीत तयार होतं, असंही म्हणतात. पश्चिम बंगालात काकद्वीपच्या केंद्रीय संशोधन केंद्राने या माशाच्या, तिथल्या ‘नोना टेंगरा’च्या, बीजोत्पादनाचं तंत्र बसवलं आहे. मादीला संप्रेरक टोचून अंडी मिळवतात. तळ्यात मासे पाळणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग आहे, पण त्याने ओढ्याची वाट मोकळी होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. समुद्र बंद असताना कातकरी वाडीवर आणि गरीब घरांत हीच मासळी शिजते. म्हणूनच मी सरसकट बंदी मागत नाही. गळ चालू राहावा, पागही राहावा. ओढा या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्याने अडवायचा नाही, अर्धं पात्र मोकळं ठेवायचं, एवढा नियम मत्स्यव्यवसाय विभागाने ग्रामसभांना सोबत घेऊन करावा. आणि पहिल्या मोठ्या पुराचे काही दिवस उघाडीच्या तोंडाशी जाळं लावू नये.