सोयाबीनला ऊन पुरते, पण पचत नाही



‘आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, मग पिकाला प्रकाश कमी कसा पडेल?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल वरवर बिनतोड वाटतो. पण भर दुपारी वरच्या पानांना झेपेल त्याहून जास्त प्रकाश मिळतो. जादा ऊर्जा ही पाने उष्णता म्हणून सोडून देतात, नाहीतर पान होरपळेल. खरी मेख पुढे आहे. ढग आला किंवा वाऱ्याने सावली पडली, तरी हा बचाव लगेच थांबत नाही. काही मिनिटे कामाचा प्रकाशही वाया जातो.

इलिनॉय विद्यापीठातील स्टीफन लाँग यांच्या चमूने तीन जनुकांचे काम वाढवून हा बचाव लवकर आवरता आणला. २०१६ मध्ये तंबाखूची वाढ सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरली. २०२२ मध्ये सोयाबीनच्या उत्पादनवाढीचेही आकडे आले, जनुक बदललेल्या काही वंशांत २० टक्क्यांहून अधिक. दुसऱ्या हंगामात मात्र पीक आडवे पडले आणि ती वाढ दिसली नाही. (आमच्याकडच्या शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही.)

पत्रलेखकांनी दाखला ज्वारीचा दिला आहे. ज्वारी आणि ऊस कडक उन्हात कार्बन वेगळ्या, अधिक काटकसरी रीतीने पकडतात. त्यावरून भात-सोयाबीनचा हिशेब मांडता येत नाही.

– एक वाचक, लातूर