राघूची पिसं आणि आपली वैदगिरी



आमच्या वाशिमकडे पोपटाला राघू म्हणतात. दर वर्षी उन्हाळा सरता सरता ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "गुरुजी, राघूची पिसं झडून राहिली, काय लावू?" मी मराठीचा मास्तर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरी माझं उत्तर ठरलेलं आहे : काहीही लावू नका!

साप कात टाकतो तेव्हा तो आजारी पडला असं कुणी म्हणत नाही. मग राघूनं पिसं टाकली की लगेच हळद, खोबरेल आणि माणसाच्या गोळीचा तुकडा कशाला? तेलानं पिसं चिकटतात आणि बिचाऱ्याची ऊब जाते. जुनी, झिजलेली पिसं टाकून नवी आणणं हा पाखराचा धर्मच आहे. रानातले राघूही विणीचा हंगाम आटोपला की तेच करतात. पंखांची मोठी पिसं एकदम गळत नाहीत. दोन्ही बाजूंची साधारण जोडीजोडीनं, थोडी थोडी गळतात, म्हणजे उडणं बंद पडत नाही. डोक्या-मानेवर काटे दिसतात, ती खरूज नव्हे, कोषात गुंडाळलेली नवी पिसं असतात.

पीस म्हणजे आपल्या नखाकेसांसारखं केराटिन, जवळजवळ सगळं प्रथिनच. आणि आपण त्याला काय देतो? मिरची आणि भिजवलेली डाळ, बारा महिने तेच. मोड आलेली मटकी, हिरवा भाजीपाला, पेरूची फोड आणि अंगावर पाण्याचा हलका फवारा, एवढं दिलं तरी पुष्कळ.

मात्र "गळतात तर गळू द्या" म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. नेहमीच्या पीसगळतीत कातडी उघडी पडत नाही. छाती-पोट बोडकं आणि डोक्यावरची पिसं मात्र शाबूत, असं दिसलं तर राघू बहुतेक स्वतःच पिसं उपटतोय, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. याच्या मुळाशी कधी आजार असतो, कधी एकटेपणा. डोकंही उजाड झालं किंवा नवी पिसं येईचनात, तर दुखणं वेगळं. अशा वेळी थेट पशुवैद्यकाकडे जावं.

आता खरा मुद्दा. नखं कापली की वाढतात, पण पूर्ण वाढलेलं पीस कापलं की त्याचा खुंट तसाच राहतो. तो झडून नवं पीस येईल तेव्हाच पंख पुरा होतो. म्हणजे आपण कात्रीनं हिरावलेलं उडणं निसर्ग या दिवसांत परत देत असतो, आणि आपण काय करतो? पुन्हा कात्री! उगवत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते कापलं तर पाखरू रक्तबंबाळ होतं.

"आमचा राघू घरच्यासारखा आहे," असं आमच्याच नात्यातले लोक म्हणतात. घरच्या माणसाचे हातपाय कुणी छाटतं का हो? शिवाय आपला देशी राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. परदेशी बजरीगर, लव्हबर्ड यांची गोष्ट कायद्यात वेगळी, कात्रीच्या बाबतीत वेगळी नाही.

म्हणून उद्याच पिंजऱ्याचं दार उघडून पुण्य कमवू नका. वर्षानुवर्षं कोंडलेल्या पाखराच्या पंखात बळ नसतं, दाणा शोधायचं ज्ञान नसतं. मांजर आणि कावळे टपलेलेच असतात. राघू वनविभागाच्या स्वाधीन करा.

ज्वारीच्या कणसांवर उतरणारा राघूंचा थवा ज्यानं पाहिलाय, त्याला पिंजऱ्यातल्या "विठू विठू"चं कौतुक कसं वाटतं, हे मला कळत नाही. वर्गात पोपटपंची नको म्हणून मी जन्मभर ओरडलो, घरात मात्र तिचंच प्रदर्शन!

असो. माझ्यावर रागावलात तरी चालेल. कात्री तेवढी खाली ठेवा.