ओट्याखालचे सिंक आणि जतना



दारव्ह्यातल्या नव्या घरांतून आता ग्रॅनाइटच्या ओट्याला खालून बसवलेले सिंक दिसू लागले आहे. ‘नुसता दिखावा’ म्हणून मोठ्या बायका नाक मुरडतात. माझे मत वेगळे आहे. वरून बसवलेल्या सिंकच्या काठाला शिते अडकतात, तिथे मुंग्या येतात आणि फडके फिरवताना हात थबकतो. खालून बसवलेल्यात ओट्यावरचे पाणी सरळ आत लोटता येते.

पण सगळे सांध्यावर आहे. दगड सिंकच्या पुढे आला, तर त्याच्या पोटाखाली खरकटे साचते आणि दिसतही नाही. चातुर्मासात तिथे बुरशी धरते, आणि बुरशी-शेवाळ आपण अनंतकायात मोजतो. घासली तर हिंसा, ठेवली तर वाढते. म्हणून मिस्त्रीला सांगावे, सिंकची कड दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसू दे. फोटोत तितके छान दिसत नाही, पण दिसते ते पुसले तरी जाते.

दगडाची कापलेली कड उघडी राहते, तिला पॉलिश हवेच. सिंक नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर नको. २४ × १८ × ९ इंचांचे सिंक काठोकाठ भरले, तर पाण्याचेच वजन ६० किलोच्या वर जाते. खालून लोखंडी अँगल किंवा कडप्प्याचा आधार घ्या. सिलिकॉन लावण्याआधी दगड स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा, नंतर निदान २४ तास नळ बंद. मिस्त्री घाई करेलच. त्या दिवशी भांडी अंगणात घासा.