वेशीतली तोफ आणि भंगाराचा तराजू



गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वेशीत भंगारवाल्याचा टेम्पो उभा राहिला. तो दरवर्षी येतो. झिजलेले फाळ, गंजके पत्रे, पंपाचे फुटके पाइप घेऊन जातो. या खेपेला त्याची नजर गेली वेशीतल्या तोफेवर. ही तोफ कधीकाळी गढीच्या बुरुजावरून खाली आलेली. साडेपाच हात लांब, निम्मीअधिक मातीत. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून घोडा-घोडा खेळलो, आणि थोरांनी तिला बैल बांधले. भंगारवाल्याने तिच्यावर दोन टोले हाणले आणि किलोचा भाव सांगून मोकळा झाला.

संध्याकाळी पारावर तोच विषय. एकजण म्हणाला, "मारुतीच्या देवळाचे पत्रे गळतात. त्या पैशात नवे येतील." दुसरा म्हणाला, "मुकी बिचारी. खात नाही, पीत नाही. राहू द्या की." मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर दोघांचेही पटत होते.

त्यानंतर आठच दिवसांनी भाईंदरला धाकट्या बहिणीकडे जाणे झाले. मी विषय काढला तशी ती हसून म्हणाली, "दादा, तोफांचे गाव तर आमचे. पण इमारतींच्या गर्दीत कोणाला दिसते?" रविवारी दाजींनी मला बरोबर घेतले आणि आधी घोडबंदरला, मग उत्तनच्या अंगाला चौक गावी नेले.

घोडबंदरचा किल्ला खाडीकाठी आहे. तो पोर्तुगीजांचा. घोड्यांचा व्यापार इथून चाले म्हणून घोडबंदर, असे सांगतात. चौकजवळच्या उंचवट्यावर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मुंबईतली धारावी वेगळी बरे का! तिथे उभे राहिले की खाली कोळ्यांच्या होड्या, समोर खाडीचे तोंड आणि पलीकडे वसई. ज्याच्या हाती ही जागा, त्याची नजर वसईत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर. मार्च 1737 मध्ये मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाली. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा मोहिमेचे प्रमुख. घोडबंदर त्याच वर्षी हाती आले. धारावीसाठी मात्र चुरस झाली, आणि ती 1739 मध्ये कायमची मराठ्यांकडे आली. मग वेढा, सुरुंग, तोफांचा भडिमार, आणि मे 1739 मध्ये वसईने शरणागती लिहून दिली. पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह जाऊ दिले.

आता या लढाईच्या दोन खुणा आपण ताडून पाहू. एक घंटा, दुसरी तोफ.

वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा देशावर आल्या आणि देवळांत बांधल्या गेल्या. भीमाशंकरला गेला असाल तर तिथली घंटा पाहिली असेल. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर तशीच एक आहे. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरी मातेची आकृती आहे. नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची घंटाही त्याच विजयाची. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या जागच्या जागी आहेत. एकाच्या देवाची घंटा दुसऱ्याच्या देवळात, पण कुणी तिच्यावरची आकृती घासून काढली नाही. घंटा ओतीव मिश्र धातूची, म्हणून ती लोखंडासारखी गंजत नाही हे खरे. पण तसा धातू महाग, त्याची भांडी आणि नाणी होऊ शकली असती. ती वाचली, कारण तिला धनी होता. देवाची वस्तू म्हणून गाव तिच्याकडे पाहत होते.

तोफेचे तसे नाही. राज्य गेले की तोफ पोरकी झाली. अहमदनगरला 1549 मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ आज विजापूरला आहे. वजन अंदाजे 55 टन. 1854 मध्ये इंग्रजी अमलात तिचा लिलाव पुकारला गेला. बोली आली अवघी 150 रुपयांची! बोली फार कमी म्हणून अधिकाऱ्याने सौदा होऊ दिला नाही, आणि तेवढ्यावर ती तोफ वाचली. म्हणजे तिची कदर झाली म्हणून नव्हे, भाव पडला म्हणून वाचली.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून हसू नका. 1971 च्या युद्धात पराक्रम केलेली विक्रांत ही विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती लोकांना पाहायला खुली होती. पण एवढी बोट सांभाळायचा खर्च कोण करणार, यावर मेळ बसला नाही. 2014 मध्ये ती भंगारात विकली गेली आणि तोडली गेली.

याउलट नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पाहा. तिथे लष्कराच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी 1994 मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उभारले. पहिल्या महायुद्धाच्या काळातली चिलखती मोटार आहे, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आहेत, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या 'फामागुस्ता' रणगाड्यात लढता लढता धारातीर्थी पडले, तो रणगाडाही नगरच्या या केंद्रानेच जपला आहे. वय अवघे 21, मागाहून परमवीरचक्र. त्या पोलादासमोर पोर उभे राहिले की त्याला धड्यातली ओळ वेगळी सांगावी लागत नाही.

तात्पर्य काय, तर लोखंड टिकते ते कोणी तरी रोज त्याच्याकडे पाहतो म्हणून. आणि लोखंडाची निगा आपल्याला कोणी शिकवायची? हंगाम संपला की नांगराचा फाळ आपण पुसतो, तेल लावतो, भिंतीला टेकवून उंचावर ठेवतो. ओल्या मातीत टाकत नाही. तोफेचेही तेच. ती मातीत पुरलेली असेल तर खालून गंजते, सिमेंटात पक्की बसवली तर फटीत पाणी मुरते. तिला दगडावर किंवा लाकडावर उचलून ठेवावी. तोंड जरासे खाली झुकवावे, म्हणजे नळीत पावसाचे पाणी साचत नाही.

काही गोष्टी मात्र करू नयेत. ग्राइंडर मारून चकचकीत करू नका, गंजावरच ऑइलपेंट फासू नका. तोफेच्या पाठीवर खुणा आणि आकडे असतात, ते तिचे जन्मटिपण. इंग्रजी तोफांवर पुष्कळदा तीन आकडे असतात, ते वजनाचे. समजा 18-2-14 असे असेल, तर 18 हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंडी मापे, 2 पाव मापे म्हणजे 28 पौंडी, आणि वर 14 पौंड. बेरीज 2086 पौंड, म्हणजे सुमारे 946 किलो. ग्राइंडर फिरला की हे सारे पुसले. खाडीतून किंवा समुद्रातून निघालेली तोफ तर उन्हात वाळत टाकूच नका. आत मुरलेले मीठ तिला तडकवते. ती ओली ठेवून तज्ज्ञांना बोलवावे. आणखी एक, जुन्या तोफेच्या पोटात दारू आणि गोळा तसाच राहिलेला असू शकतो. तिच्याजवळ जाळ करू नका, बत्तीच्या भोकात सळई घालू नका. शेतात गंजका बॉम्ब किंवा तोफगोळा दिसला तर हातही न लावता 112 वर पोलिसांना कळवा.

कायदाही ध्यानात असू द्या. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरातन चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणे हा गुन्हा. आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. भंगारवाल्याच्या तराजूला हा परवाना नसतो.

अलीकडे ठिकठिकाणच्या गडांवर तरुण मंडळी वर्गणी काढून तोफांना सागवानी तोफगाडे करून देत आहेत. मैदानी तोफेचा गाडा म्हणजे आपल्या बैलगाडीचाच थोरला भाऊ. तोच तुंबा, तेच आरे, तीच तापवून चढवलेली लोखंडी धाव. गडावरच्या तोफेला चार ठेंगणी चाके. तोफेच्या दोन बाजूंना जे खुंट असतात, ते गाड्याच्या खाचेत बसतात आणि त्यावर ती वरखाली होते.

गावी परतल्यावर मी हे सारे पारावर सांगितले. आमचे सुतारमामा सत्तरी ओलांडलेले. गावात बैलगाड्या राहिल्या नाहीत, म्हणून त्यांची पटाशी दहा वर्षे खुंटीला होती. ते उठले, तोफेजवळ बसले, वितीने खुंटाचे माप घेतले आणि म्हणाले, "माती काढा. खाली किती आहे ते पाहू. लाकूड द्या, चाक मी करतो."

भंगारवाल्याला नकार कळवला. पुरातत्त्व खात्याला ग्रामपंचायतीने पत्र धाडले आहे, त्यांच्या सल्ल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असे ठरले. तोवर भोवती चर काढून पाणी वळवले. देवळाच्या पत्र्यांची वर्गणी वेगळी सुरू झाली. आणि ज्याने विकायची सूचना केली होती, त्याने सर्वांत आधी पावती फाडली.

तुमच्या वेशीत, गढीत, देवळामागे असे काही पडले असेल तर एकदा जाऊन पाहा. म्हाताऱ्यांना विचारा. पोरांना दाखवा. दिलेला भाव एका दिवसात संपतो.

बरे, येतो. राम राम.