कुठे थांबायचं, तेही शिकू या

वक्फ म्हटलं की हल्ली आपल्याला मालमत्ता, वक्फ मंडळ आणि 2025 चा दुरुस्ती कायदा आठवतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र थांबणं, रोखून धरणं. जमीन विक्री आणि वारशापासून रोखून ठेवली की ती वक्फ होते. कुरआन वाचताना योग्य जागी आवाज थांबवून श्वास घेतला, तर त्यालाही वक्फच म्हणतात. पहिल्या वक्फविषयी आपण खूप बोलतो आणि ते गरजेचंही आहे. आज मला दुसऱ्याविषयी बोलायचं आहे.

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत आपले अनेक तरुण पाळीत काम करतात. जेवणाच्या सुट्टीत, कामावर जाता-येता मोबाईलवर सूरह यासीन वाचणारे मला नेहमी दिसतात. दिवसभराच्या दगदगीतही कुरआनची ही ओढ टिकून आहे, याचं मला कौतुक वाटतं. पण वेळ थोडा असतो, म्हणून वाचन भरभर होतं आणि दम संपेल तिथे थांबलं जातं. आपल्यापैकी बहुतेकांना अरबी वाचता येते, समजत नाही. त्यामुळे चुकीच्या जागी थांबलो तरी कान आपल्याला टोकत नाही.

सूरह मुज्जम्मिलमध्ये कुरआन तरतीलने, म्हणजे सावकाश आणि स्पष्ट वाचण्याचा आदेश आहे. प्रेषित (स.) एकेक आयत वेगळी करून वाचत, असं हजरत उम्मे सलमा (र.) यांनी सांगितलं आहे. थांबणं हा तिलावतीचाच भाग आहे.

यासीनचंच उदाहरण घ्या. 76 व्या आयतीत प्रेषितांना धीर दिला आहे की विरोधकांच्या बोलण्याने दुःखी होऊ नका. तिथे वाक्य पूर्ण होतं. पुढे अल्लाह सांगतो की ते काय लपवतात आणि काय उघड करतात, ते आम्ही जाणतो. न थांबता दोन्ही जोडून वाचलं, तर ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य विरोधकांचंच बोलणं वाटू शकतं. म्हणून तिथे छोटा मीम छापलेला असतो. 52 व्या आयतीत पुन्हा उठवलेली माणसं विचारतात की आम्हाला झोपेतून कोणी उठवलं, आणि लगेच त्याचं उत्तर येतं. प्रश्न आणि उत्तर वेगळं कळावं म्हणून तिथे सक्ता आहे, म्हणजे श्वास न तोडता क्षणभर थांबायचं. हफ्स यांच्या प्रचलित पठणात असे चार सक्ते आहेत.

आपल्याकडच्या मुसहफांतल्या अनेक खुणा सजावंदी या 12 व्या शतकातल्या विद्वानाच्या पद्धतीवर आधारलेल्या आहेत. सुरुवातीला चार पुरेत. मीम म्हणजे थांबाच. तोय म्हणजे थांबणं चांगलं. जीम म्हणजे थांबलात तरी चालेल. आयतीच्या मध्ये लाम-अलिफ, म्हणजे ‘ला’ दिसला, तर थांबू नका. तिथे दम संपलाच तर श्वास घ्या आणि दोन-तीन शब्द मागे जाऊन अर्थ जुळेल तिथून पुन्हा सुरू करा. दम संपणं हा दोष नाही. फक्त तुटलेलं वाक्य तसंच सोडून पुढे जायचं नाही.

देवनागरीत छापलेल्या अरबीवर विसंबणाऱ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावं. लिप्यंतरात या खुणा अनेकदा गळून जातात. शिवाय थांबल्यावर शब्दाचा शेवटचा उच्चार बदलतो, तोही एकाच लिखित रूपातून कळत नाही. देवनागरी ही पहिली पायरी असू द्या, पण तिथेच राहू नका.

याचा संबंध आपल्या सार्वजनिक जीवनाशीही आहे. सूरह निसाच्या 43 व्या आयतीत नशेत असताना नमाजजवळ जाऊ नका, असं म्हटलं आहे. त्यातली नशेची अट गाळली, तर नमाजलाच मनाई केल्यासारखं होतं. अशाच अर्ध्या तोडलेल्या आयती आज मोबाईलवर फिरतात. काही आपल्याविरुद्ध वापरल्या जातात, काही आपणच एकमेकांवर फेकतो. जो स्वतः आयत पूर्ण वाचतो, त्यालाच दुसऱ्याला म्हणता येतं की थांबा, पुढचंही वाचा.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपापल्या मोहल्ल्यात आठवड्यातून अर्धा तास ठरवा. पाळीवर जाणाऱ्यांसाठी वेळ बदलती ठेवा, बहिणींसाठीही सोय करा. जाणत्या कारींसमोर किंवा आपांसमोर मोठ्याने वाचा, कारण आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही. शेजारी मराठी अनुवाद उघडा ठेवा. वाक्य कुठे संपतं ते कळलं की खूण पाठ करावी लागत नाही. सुरुवात यासीनपासूनच करा. ती आपल्या घराघरांत वाचली जाते.