बारावीनंतरची धाव

हेदवीला बाहेरून येणारी माणसे दशभुजा गणेशाचे दर्शन घेतात, बामणघळीत उसळणारे पाणी पाहतात आणि परत जातात. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू त्यांच्या नजरेत भरत नाही. गुहागरच्या किनारपट्टीवर धावण्याचे वेड लागलेल्या मुलामुलींना मात्र तीच वाळू मैदानासारखी. वर सड्यावर चढ-उताराचा रस्ता, खाली समुद्र. शाळेतला धावपटू या दोहोंच्या मध्ये घडतो.

शाळेत असेपर्यंत त्याची वाट आखलेली असते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. क्रीडाशिक्षक नाव पाठवतात, सोबत घेऊन जातात. पुढे कॉलेजकडून, विद्यापीठाकडून धावायचे स्वप्न याच वयात पडते आणि नेमके बारावीच्या आसपास ते मागे पडते.

गेली काही वर्षे रमजान बोर्डाच्या परीक्षांच्या आगेमागे येतो आहे. त्यामुळे मुस्लीम घरात प्रश्न निघतो, रोजा धरून पोर धावणार कसे? मैदानावरचे मित्रही विचारतात, पाणीसुद्धा नाही? नाही. पहाटेच्या सहरीनंतर सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. पण म्हणून सराव महिनाभर बंद पडायला हवा असे नाही. जोराचा सराव कमी करून इफ्तारच्या आधीच्या तासात हलके धावले, तर थांबल्यावर थोड्याच वेळात खजूर आणि पाणी मिळते. कोकणच्या दमट हवेत घाम फार जातो. म्हणून रात्री थोडे थोडे करून पुरेसे पाणी प्यावे, सहरी चुकवू नये आणि चक्कर आली तर लगेच थांबावे. आपला रोजा आहे हे मुलांनी शिक्षकांपासून लपवू नये, आणि शिक्षकांनीही त्याला कमजोरी समजू नये.

आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा नंतर भरून काढण्याची मुभा कुरआनने दिली आहे. २०१२ चे लंडन ऑलिंपिक ऐन रमजानमध्ये आले. काही मुस्लीम खेळाडूंनी रोजे धरले, अनेकांनी ते पुढे ढकलले. त्याच रमजानमध्ये सोमालियात जन्मलेल्या ब्रिटनच्या मो फराहने १०,००० आणि ५,००० मीटर या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके जिंकली. कोणी काय करावे, हा ज्याचा त्याचा आणि त्याच्या रब्बचा मामला.

रोजे २९ किंवा ३० दिवसांत संपतात. बारावीनंतरचे वर्ष मात्र संपता संपत नाही. खरी अडचण तिथे आहे. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. गुहागर किंवा चिपळूणच्या कॉलेजात नाव घातलेल्या मुलाला विद्यापीठाच्या संघात यायचे, तर मुंबई-ठाण्याच्या मुलांशी स्पर्धा करावी लागते. त्यांच्यातल्या अनेकांच्या पायांना सिंथेटिक ट्रॅक आणि स्पाइक्सची सवय असते. हा वाळूवरून आलेला. एसटीचा रात्रभरचा प्रवास, बूट, खुराक, राहण्याची सोय, सगळ्यालाच पैसे लागतात. मुलगी असेल तर लग्नाचा विषय निघतो, आणि तो हिंदू घरात निघतो तसाच मुस्लीम घरातही.

यातून पार पडलेल्या मुली महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधवने नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्या हाताखाली सराव केला. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक तिने मिळवले. याच प्रशिक्षकांची शिष्या, आदिवासी पाड्यावरची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकून गेली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे त्याच्यातला धावपटू घडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ३,००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्याने आणले. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण योग्य वेळी प्रत्येकाचा हात कोणीतरी धरला होता.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुणही मिळतात. पण हे सारे पदकानंतरचे, कामगिरीनंतरचे. ज्याला अजून काही मिळालेले नाही, त्याचे ते एक वर्ष कोणाच्याच खाती नसते.

रमजानमध्ये दानाचे हात सैल होतात. जकात कोणाला द्यावी याचे नियम ठरलेले आहेत. सदका मात्र कुठल्याही गरजवंताला, धर्म न विचारता देता येतो. गावातल्या एका धावपटूचे वर्षभराचे बूट आणि एसटीचे भाडे हा मोठा खर्च नाही. मशिदीची जमात, देवस्थान, शाळेचे माजी विद्यार्थी, मुंबईत आणि आखातात कमावणारे गाववाले यांनी मिळून तो उचलला, तर त्यात कोणाचेच फार जाणार नाही.

फितरा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो. गरिबाच्या घरी ईद त्याच दिवशी व्हावी, म्हणून. उशिरा पोचलेली मदत त्याच्या सणाला उपयोगी पडत नाही. धावपटूचेही तसेच. पदक आल्यावर शाल-श्रीफळ घेऊन सगळेच येतात. बारावीचा निकाल लागला की त्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात जायला हवे.